मागावरची बाई कोणी कोरली

भिंगरावांचं खरं नाव छापखान्याच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे ते भिंगराव. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी छापखान्यात पोस्टाची तिकिटं तपासली. छपाईआधीचं प्रूफ त्यांच्या टेबलावर यायचं, ते त्यावर भिंग धरायचे, आणि खालच्या कोपऱ्यात त्यांची सही पडल्याशिवाय यंत्र हलायचं नाही. एकदा मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन ठरलेलं तिकीट त्यांनी तीन दिवस अडवून धरलं, कारण काय तर डावीकडच्या आकड्यातलं शून्य उजवीकडच्या शून्यापेक्षा केसभर बुटकं होतं. मोठे साहेब स्वतः खाली आले, आधी विनवून गेले, मग ओरडून गेले. भिंगराव म्हणाले, "साहेब, चार कोटी छापणार आपण. चार कोटी बुटकी शून्यं मी देशभर वाटू का?" तिकीट तीन दिवस उशिरा निघालं, पण दोन्ही शून्यं एका उंचीची निघाली. तेव्हापासून मोठे साहेब त्यांना पाण्यात पाहायचे, आणि भिंगराव हीच आपल्या नोकरीतली सर्वांत मोठी कमाई समजायचे.

असा माणूस घरात असला की काय होतं ते त्यांच्या सुनेला विचारा. फ्रिजवर लावलेल्या तिच्या चिठ्ठ्यांवर लाल पेनाच्या खुणा, औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरावर खुणा, विजेच्या बिलावर खुणा. वर्तमानपत्र तर त्यांच्यानंतर कोणी वाचूच शकायचं नाही, एवढं ते रंगलेलं असायचं. सून म्हणायची, "बाबा, या घरात चूक करायची तरी तुमची परवानगी काढावी लागते." त्यावर भिंगराव म्हणायचे, "मागून तर बघ." आणि परवानगी मिळायची नाही.

जगात एकाच माणसापुढे त्यांचं भिंग नरम पडायचं, ती म्हणजे ताई. चार वर्षांनी मोठी. तीही त्याच छापखान्यात, वरच्या मजल्यावर, कोरणकामाच्या खोलीत. सहा पुरुष आणि ती.

कोरीव तिकीट म्हणजे काय हे आताच्या लोकांना सांगावं लागतं. तिकिटाच्याच मापाचं चित्र पोलादाच्या तुकड्यावर हाताने कोरायचं, तेही उलटं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, अक्षरं आरशात दिसावीत तशी. हातात एक टोकदार कोरणी, डोळ्याला भिंग, आणि दिवसाला कधी कधी जेमतेम नखाएवढं काम. रेघ खोल गेली तर तिच्यात शाई जास्त बसते, उथळ राहिली तर कमी. तीच शाई कागदावर उठून येते, म्हणून असं तिकीट बोटाखाली किंचित खरखरीत लागतं. आणि कोरणी एकदा घसरली की घसरली, तिथे खोडरबर चालत नाही.

ताईने कोरलेल्या तिकिटांत एक होतं मागावर बसलेल्या बाईचं. मागावर ताणलेले एकशे बारा धागे, एकेक वेगळा कोरलेला. त्याचं प्रूफ भिंगरावांकडे आलं आणि त्यांना एकोणसत्तरावा धागा वाकडा दिसला. मध्येच सुटून तो शेजारच्या धाग्यावर आडवा पडला होता. ताईची कोरणी घसरली होती, दुसरं काय. भिंगराव प्रूफ घेऊन वर गेले. सहा पुरुष ऐकताहेत म्हणून "ताई" न म्हणता "बाई" म्हणाले आणि धागा दाखवला. ताईने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "तुटलाय तो. परवा ये." परवा दुसरं प्रूफ आलं. मागावरच्या बाईची दोन बोटं आता त्या तुटक्या धाग्यापर्यंत वाकली होती, आणि ती तो सांधत होती. आधी ती नुसती बसलेली बाई होती, आता कामात बुडालेली बाई झाली. भिंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, भिंग न लावता सही केली.

तिकिटावर कोरणाऱ्याचं नाव घालायचं नाही आणि बाहेर बोलायचंही नाही, असा छापखान्याचा नियम. नोकरीला लागतानाच तसं लिहून घेत. ताईने तो पाळला. मोठ्या साहेबांनी मात्र निवृत्त झाल्यावर तिकीट जमवणाऱ्यांच्या एका मासिकात ऐसपैस मुलाखत दिली आणि सांगून टाकलं, "मागावरची बाई हे माझ्या हातचं सर्वांत लाडकं काम." कोरणी कुठल्या टोकाने धरतात हेही त्या गृहस्थाला माहीत नव्हतं! पण छापून आलं ना, मग ते खरं झालं. वर्षभरात साहेब वारले, आणि गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

पुढे इंटरनेट आलं. दुसऱ्या एका शहरातल्या भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनी तिथे एक साइट काढली. भिंगराव त्यांना यादीवाले म्हणायचे. देशातलं प्रत्येक कोरीव तिकीट, त्याचं चित्र, वर्ष, आणि ते कोणी कोरलं हे सगळं त्यात. अकराशे तिकिटं, एकोणीस वर्षांची मेहनत, आणि अशी दुसरी यादी कुठेच नाही. पुस्तकं लिहिणारे तिथूनच घ्यायचे, संग्रहालयवाले तिथूनच पाट्या करायचे. त्या यादीत मागावरच्या बाईपुढे मोठ्या साहेबांचं नाव होतं. सुनेने एकदा कौतुकाने ताईला ते पान उघडून दाखवलं. ताईने नाव वाचलं आणि म्हणाली, "पुढचं दाखव." एवढंच. पण भिंगरावांनी तिचा चेहरा बघितला होता. त्याच दुपारी त्यांनी एका बोटाने टाइप करत यादीवाल्यांना पहिलं ईमेल धाडलं.

दोन वर्षं ही लढाई चालली. यादीवाले म्हणायचे, पुरावा द्या. पुरावा कुठून द्यायचा? छापखान्याने नावं लिहूनच ठेवली नव्हती. शेवटी भिंगरावांनी एकोणसत्तराव्या धाग्याची हकिकत कळवली. यादीवाल्यांनी तिकीट मोठं करून बघितलं आणि उलट टपाली लिहिलं, "हे कोरणाऱ्यालाच ठाऊक असणार. मी मानलं. ताईंचं नाव घालतो." भिंगरावांनी ते ईमेल सुनेला चार वेळा वाचून दाखवलं आणि एकदाही त्यात चूक काढली नाही.

पण त्याच ईमेलात खाली आणखी एक बातमी होती. ज्या कंपनीने यादीला फुकट जागा दिली होती ती जुन्या साइट बंद करणार होती, वर्षभराने. सरकारी ग्रंथालयाचा जतन विभाग मात्र अशा प्रत्येक साइटची एक प्रत, एकच प्रत, कायमची ठेवून घेणार होता. यादीवाल्यांनी लिहिलं होतं, "त्याआधी सगळी यादी मी नव्याने मांडली आहे. ताईंचं नाव त्यात आहेच. तुमची नजर बारीक, एकदा फिरवा. तुम्ही ठीक म्हणालात की जुनी काढून नवी चढवतो."

आता इथे कोणीही चारचौघांतला माणूस म्हणाला असता, मास्तर, आधी ते एक नाव आजच्या आज बदला, बाकीचं मागाहून बघू. सून म्हणालीही. "बाबा, निदान आत्यांचं नाव तरी आधी घालून घ्या ना!"

"अर्धी दुरुस्ती म्हणजे आणखी एक चूक," भिंगराव म्हणाले. "आणि ताईला काही बोलू नकोस. सगळं पुरं झालं की नेऊन दाखवू."

त्यांनी नजर फिरवली. पहिल्या फेरीत दोनशे बारा चुका निघाल्या. कुठे वर्ष चुकलेलं, कुठे कडेच्या भोकांचा आकडा, कुठे हिरव्याला निळा म्हटलेलं. यादीवाल्यांनी बिचाऱ्यांनी त्या सगळ्या दुरुस्त केल्या. दुसऱ्या फेरीत अठ्ठ्याण्णव निघाल्या, त्यातल्या वीस पहिल्या दुरुस्तीत नव्याने झालेल्या. तिसऱ्या फेरीत एक्केचाळीस. महिने चालले होते. यादीवाल्यांचे "आदरणीय" आधी "प्रिय" झाले, मग नुसतेच "अहो". "अहो, आहे तशी चढवू या. हा छापील कागद नाही, हे केव्हाही बदलता येतं."

"केव्हाही बदलता येतं म्हणूनच लोक वाटेल ते लिहितात," भिंगरावांनी उत्तर दिलं. "माझ्या होकाराशिवाय चढवू नका."

यादीवाले सज्जन माणूस. दिलेल्या शब्दाला जागणारे. चढवली नाही.

अकराव्या महिन्यात एकच चूक राहिली. नव्या यादीत कोरायला किती काळ लागला याचा एक रकाना होता. मागावरच्या बाईपुढे यादीवाल्यांनी कुठून तरी सात महिने लिहिलं होतं. भिंगरावांच्या आठवणीने आठ. त्यांनी माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. प्रूफ कोणत्या तारखेला आलं ते सापडलं, काम सुरू कधी झालं ते सापडेना. एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, तर त्याला मागावरची बाईच आठवेना. या सात-आठच्या घोळात बारा दिवस गेले. साइट तीस तारखेला बंद होणार होती. ग्रंथालयाच्या सूचनेत "महिनाअखेरपर्यंत प्रत घेतली जाईल" असं होतं, आणि दोघांनीही ते "महिनाअखेरीस" असं धरून चाललेलं. दोन म्हातारी माणसं, एक जन्मभर मुलांच्या वह्या तपासणारं आणि एक जन्मभर तिकिटं तपासणारं, आणि एवढी ओळ कोणी नीट तपासली नाही!

ग्रंथालयाच्या यंत्राने एकोणीस तारखेलाच येऊन प्रत उचलली. जुन्या यादीची.

यादीवाल्यांचं शेवटचं ईमेल तीन ओळींचं होतं. "प्रत गेली. दुसरी घेत नाहीत, विचारून झालं. एकोणीस वर्षं काम केलं, आणि तुमच्या एका 'हो'साठी थांबलो." खाली नावसुद्धा घातलं नव्हतं.

भिंगराव संतापले. ग्रंथालयावर, कंपनीवर, यादीवाल्यांच्या बावळटपणावर, कोणीतरी दाराशी आडव्या ठेवलेल्या चपलांवर. जतन विभागाला त्यांनी तीन दिवसांत नऊ फोन केले. प्रत्येक वेळी एक यंत्र गोड आवाजात सांगायचं की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजवायचं. चौथ्या दिवशी ते बस बदलत बदलत स्वतःच तिथे गेले.

जतन विभाग तळघरात होता. भर दुपारी आत थंडी. काचेपलीकडे कपाटांच्या रांगा घूं घूं करत होत्या आणि अलीकडे स्वेटर घातलेली एक अधिकारी बाई बसली होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पडद्यावर ते पान काढलं. मागावरची बाई, शेजारी मोठ्या साहेबांचं नाव, खाली बारीक अक्षरांत तारीख आणि वेळ, दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं.

"हे चूक आहे," भिंगराव म्हणाले.

"असेल," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तिथे हेच होतं. आम्ही जसं होतं तसं ठेवतो."

"अहो, एक नाव बदलायचंय. एक! कळफलकावर दोन मिनिटांचं काम."

"आजोबा, आज तुमच्यासाठी बदललं तर उद्या दुसरं कोणी येईल. तेही म्हणेल माझंच बरोबर. मग याला जतन कसं म्हणायचं?"

भिंगरावांना खरा राग आला तो याचाच, की बाईचं बरोबर होतं. तिच्या खुर्चीत ते असते तर हेच म्हणाले असते, वर थोडं ओरडलेही असते. ते उठणार तेवढ्यात ती म्हणाली, "एक करता येईल. प्रतीला हात न लावता शेजारी टीप जोडता येते. पण ज्यांचं काम आहे त्यांनी स्वतः लिहून द्यायला हवं, सहीनिशी. ऐकीव चालत नाही. त्या आहेत ना?"

"आहेत. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत."

"मग उशीर करू नका," ती म्हणाली, आणि या वाक्यावर रागवावं की कसं हे भिंगरावांना परतीच्या बसमध्येही ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ते ताईकडे गेले. तिच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी एक टेबल. तिथे ती सकाळपासून उजेड असेतोवर बसायची. डोळे अजून बऱ्यापैकी होते, हात मात्र गेले होते. ज्या हाताने एकशे बारा धागे कोरले त्या हाताने आता कप उचलला की बशीत चहा सांडायचा, म्हणून ती अर्धाच कप ओतायची. भिंगरावांनी सगळं सांगितलं. सांगताना ग्रंथालयाला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, यादीवाल्यांनाही घातल्या. ताई ऐकत होती.

"माझं नाव तयार कधी होतं?" तिने विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"आणि थांबलात किती?"

"अकरा महिने."

"कशासाठी?"

"चुका होत्या ताई. ढिगाने होत्या."

"शेवटी कशावर अडलं?"

भिंगराव टेबलाकडे बघत म्हणाले, "तुला कोरायला किती महिने लागले त्यावर. ते सात म्हणत होते, मी आठ."

"मग मला का नाही विचारलंस? फोन आहे ना माझ्याकडे?"

"तुला एकदम दाखवायचं होतं. पुरं झालेलं."

ताईने कप बाजूला सारला. थोडा चहा सांडला, तिने पुसला नाही. "साहेबाने नाव लाटलं ना, तेव्हा मी कोणाला काही बोलले नाही. तो परका माणूस, त्याच्याकडून मला काय हवं होतं? पण तुझ्या हातात होतं रे. अकरा महिने तुझ्या हातात होतं! माझं नाव लागलं असतं आणि शेजारी सातच्या जागी आठ पडलं असतं, तर काय आभाळ कोसळणार होतं?"

चौतीस वर्षांत भिंगरावांना इतक्या लोकांनी शिव्या दिल्या, पण त्यातली एकही अशी लागली नव्हती. आपणच, आपल्याच हाताने, ताईचं नाव अडवून बसलो होतो. मोठ्या साहेबांनी केलं नसेल इतकं आपण केलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला.

"बस आता," ताई म्हणाली. "कागद घे. मला लिहिता येत नाही, तू लिही. मी सही करते."

भिंगरावांनी लिहायला घेतलं. ताई सांगत होती, ते सुवाच्य अक्षरांत उतरवत होते. मागावर बसलेल्या बाईचं तिकीट मी कोरलं. एकोणसत्तरावा धागा माझ्या हातून घसरला, म्हणून नंतर बाईची बोटं वाकवली. हे काम पुरं करायला मला...

"किती लिहू?" त्यांनी विचारलं.

"आठ. आठच लागले."

त्यांनी आठ लिहिलं, आपलंच बरोबर होतं हे मनात आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. पत्र पुरं केलं, पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवलं. ताई मान डोलावत होती. मग म्हणाली, "थांब. आईच्या आजारपणात मी एक महिना रजेवर होते की मध्ये. तो धरायचा नाही. सातच झाले."

भिंगरावांचा हात आपसूक नव्या कागदाकडे गेला.

"काय करतोस?"

"सात घालून परत लिहितो. पाच मिनिटं लागतील."

"आण तो इकडे."

"ताई, खाडाखोड नको, ते लोक—"

"आण म्हणते ना!" तिने कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि सही करायला लागली. फार वेळ लागला. आडनाव ओळ सोडून खाली उतरलं, एक अक्षर दुसऱ्यावर चढलं. जन्मभर तिने कोरलेल्या एकाही कामावर तिला नाव घालू दिलं नव्हतं, आणि आता घातलं तर ते असं. तिने पेन खाली ठेवलं.

"त्यात आठ आहे ताई," भिंगराव कळवळून म्हणाले. "ते कायमचं राहील."

"राहू दे," ताई म्हणाली. "त्याच्याबरोबर मीही राहीन."

भिंगरावांनी कागदाची घडी घातली आणि जतन विभाग पाचला बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून ते चपला शोधायला लागले.